टाचणीची भोकं

बरबँकमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
पडदे ओढलेल्या खोलीत एक भिंत आहे.
तिच्यावर पुढची नऊ वर्षं टाचलेली.

सटवाई सहाव्या रात्री येते, एकदाच लिहिते,
तिचं अक्षर मग तिलाही खोडता येत नाही.
इथे तेरा जण येतात, दर गुरुवारी,
सोबत सॅलडचे डबे
आणि खोडरबर.

कार्डं लावायचं काम अराक्सी पेट्रोसियनचं.
बापाला सकाळच्या गोळ्या देऊन
ती ग्लेनडेलहून येते, जुन्या टोयोटातून.
निळं कार्ड म्हणजे ठरलं.
पिवळं म्हणजे ठरल्यासारखं.
पांढऱ्यावर नुसती तारीख:
चार वर्षांनंतरचा मे, पहिला शुक्रवार.
नाव नाही, गोष्ट नाही, लिहिणारा नाही,
पण शुक्रवार आपला.
लग्न व्हायचंय, बाळ व्हायचंय,
पाळणा तेवढा टांगून ठेवलाय
शेजारचा टांगील म्हणून.

चौथ्या भागात समुद्राची राणी मेली.
दिग्दर्शक म्हणाला, मेली म्हणजे मेलीच.
फ्रेस्नोमध्ये चारशे लोकांना फुकट दाखवून विचारलं,
किती वाईट वाटलं? एक ते दहा.
उत्तर आलं, सहा पूर्णांक एक.
सहासाठी कोण राणी मारतं?
त्या गुरुवारी ती फक्त बेशुद्ध झाली.
पुढच्या गुरुवारी, मेली ती तिची जुळी बहीण होती.
अराक्सीने कार्ड उपटलं,
दोन बोटं उजवीकडे टाचलं.

आणि तो पोरगा, किलियन,
ज्याच्या खांद्यावर तीन भाग उभे होते.
चित्रीकरण दोन वर्षं पुढे ढकललं
आणि त्याला मिसरूड फुटलं.
करारात सगळं होतं:
केस, वजन, कुठे तोंड उघडायचं, कुठे नाही.
उंचीचं कलम राहून गेलं.
वकील बराच वेळ
आपापल्या पेनांकडे बघत बसले.

मग एक निळा शुक्रवार खरोखरच उगवला.
शनिवारी पहाटे आकडे आले.
सोमवारी 'विश्व' हा शब्द कुणी काढेना.
छोटी गोष्ट, म्हणाले. माणसाची गोष्ट.
हेच तर आपण पहिल्यापासून म्हणत होतो.
एकाने मान डोलावली, मग बाराही माना.
तिकडे सातव्या भागाच्या टोप्या
शिवायला गेलेल्या, त्यांना कुणीतरी फोन केला.

अराक्सीने एकवीस कार्डं काढली,
रबर लावून बुटांच्या खोक्यात ठेवली.
फेकत नाही ती. वर्षभराने लागतात.
तिचा स्वतःचा करार मार्चपर्यंतचा आहे,
त्याचं कार्ड नाही.

सगळे गेल्यावर ती कधीकधी
भिंतीवरून बोट फिरवते.
कार्ड हलतं, भोक हलत नाही.
इथे राणी मेली होती, आठ महिने.
इथे पोरगा बारा वर्षांचाच होता.
इथे, खिडकीजवळ, टाचण्यांची एवढी दाटी
की प्लास्टर पिठासारखं गळतं.
तो उन्हाळा सात सिनेमांनी अडवला होता
आणि आला तो नुसताच, रिकामा, कडक,
वर डोंगरात वणवे लागलेले.

आता भिंतीवर मोठा स्क्रीन बसणार आहे.
तारखा बोटाने सरकतील, माग राहणार नाही.
रंगारी एफ्राइन लांबीचा डबा घेऊन आला,
सकाळपासून एकेक भोक बुजवत गेला,
चाळणीच आहे म्हणाला, कशावर नेम धरत होता तुम्ही?

खाली, कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर
एकच भोक होतं, बाकीच्यांपासून लांब.
ते राहू दे, अराक्सी म्हणाली.
त्याने पात्याची टोकं पुसली.
कुठला सिनेमा होता?

ती खाली वाकली, बराच वेळ बघत राहिली.
आठवत नाही, म्हणाली.
पण राहू दे.