खडूची रेघ

उसगावला, तिस्काजवळ, मिंगेल मेस्ताच्या यार्डात
माझी चासी उभी आहे. नुसतं इंजिन, सांगाडा, दहा चाकं
आणि ड्रायव्हरच्या जागी दोरीनं आवळलेली
प्लास्टिकची निळी खुर्ची.
तिच्यावर बसून मी ती वेर्ण्याहून आणली,
तोंडावर वारा, दातांत धूळ.
बोरीच्या पुलावर बसमधल्या एका पोरीनं हात केला
जणू काही मी देवाचा रथ नेतोय.

मेस्त विचारतो, मागची खाट किती लांब?
बाकीचे किती घेतात?
बाकीचे बाकड्यावर कसेबसे आडवे होतात.
मोठी केबिन मागायला तू आलास.
तुझी उंची सांग.

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या.
खाणी चालू होत्या तेव्हा सावर्डे ते धक्का, दिवसाला सात खेपा,
तांबडं शिंकायचो, तांबडं थुंकायचो,
पण रात्री घरी.
मग खाणी बंद. टिपरांच्या टायरांवर शेवाळ.
मग औषधांची खोकी घेऊन इंदूर, बद्दी, रुद्रपूर,
झोप हुबळीच्या वजनकाट्यामागे,
गिअरचा दांडा बरगडीत,
बत्तीस फुटांच्या गाडीत चार फुटांचा मी.

बँकेत केरकर मॅनेजर चष्म्यावरून बघत म्हणाले,
खाट हप्ता भरते काय?
हिशोब त्यांचा खरा. गाडीची लांबी कायद्यानं ठरलेली,
खाट फूटभर वाढली की माल फूटभर घटला,
आणि ते फूट पाच वर्षं दर खेपेला
माझ्या उशाशी रिकामं जाणार.
मी मान हलवली. सही केली.
खाटेचं काही बोललो नाही.

घरी सुलक्षा ब्लाउज बेततच होती.
काल रात्री तू झोपल्यावर टेप लावली, म्हणाली,
चार फूट सात इंच.
हसली आधी. मग सुईत दोरा ओवायला
तिला बराच वेळ लागला.
सपाट पलंगावरही मी
कुणाच्या तरी केबिनमध्येच झोपतो म्हणे.

खाली झोप, मेस्त म्हणतो.
लोखंडाच्या किसात, सिमेंटवर, मी पाय ताणतो.
गुडघे कुरकुरतात, वर आंब्याच्या फांदीला वेल्डिंगची वायर.
तो खडूनं माझ्याभोवती रेघ ओढतो,
डोकं, खांदा, टाच, परत डोकं.
उठून बघतो
आणि दोघंही गप्प.
असला आकार आम्ही पाहिलाय,
धारबांदोड्याच्या वळणावर, हवालदाराच्या हातचा.

मेस्त चपलेनं तो घासून टाकतो.
गुण्या आणतो, चार सरळ रेघा मारतो,
कोपरे पक्के.
हा पलंग. सहा फूट चार. अडीच रुंद.
खिडकी डोक्याकडे की पायाकडे?
डोक्याकडे.
पंखा?
दोन.
देवाची जागा?
असू दे, पण छोटी.

आणि वर अजून एक खाट.
कुणाला?
क्लीनरला.

सोळाव्या वर्षी आबू नायकाच्या गाडीवर
मी ताडपत्रीवर झोपायचो, लोडाच्या माथ्यावर,
कमरेला दोरी, दुसरं टोक हुकाला.
कूस बदलली की दोरी आधी जागी व्हायची.
खाली आबू घोरायचा. वाईट नव्हता माणूस,
केबिनच तेवढी होती.

टप उंच करावा लागेल, मेस्त म्हणतो, पत्रा वाढेल,
वारा धरेल गाडी, डिझेल खाईल.
खाऊ दे.
कोण पोरगा ठेवलास?
अजून कोणी नाही.
मग उंची काय लिहू?

कानामागची पेन्सिल त्यानं हातात घेतली आहे.
रस्त्यावरून एक भरलेली गाडी घाटाकडे चढते,
यार्डातले सगळे पत्रे थरथरतात, मग थांबतात.

जरा जास्तच धर, मी म्हणतो.
वाढायचा असेल अजून.