रुजवात

शिवाजीनगर कोर्टाच्या नक्कल विभागात
एकवीस वर्षं मी रुजवात घेतोय.
मूळ कागद डावीकडे, नक्कल उजवीकडे,
ओळीखाली पट्टी,
काना, मात्रा, सर्व्हे नंबर,
मग शिक्का : खरी नक्कल.
साहेब म्हणतात, राजगुरव, तुमच्या नजरेतून चूक सुटत नाही.

साहेबांना माझं धनकवडीतलं दार माहीत नाही.

कुलूप लावायचं. ओढायचं. चारदा.
पार्किंगपर्यंत उतरायचं की पुन्हा शंका.
वर. कुलूप काढून आत. गॅसचं बटण.
त्यावर बोट ठेवून मोठ्यानं म्हणायचं, "बंद आहे,"
आणि आपलाच आवाज
फितूर साक्षीदारासारखा वाटायचा.
समोरच्या थत्तेबाई एकदा म्हणाल्या, "काही विसरलात का?"
विसरता येत नव्हतं, बाई,
तेच तर दुखणं.

एरंडवण्यात सायकलच्या दुकानावर एक खोली.
जिन्यात पंक्चरच्या सोल्यूशनचा वास.
पाटीवर नुसतं नाव, देवयानी सासवडे.
खाली काही लिहिलेलं नाही, ते बरं वाटलं.
पहिले तीन गुरुवार मी पट्टी लावून बोललो,
कुलूप, गॅस, कुलूप.
त्यांच्या टेबलावरचा पेन सरळ केला,
त्यांनी पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत.

सातव्या गुरुवारी तोंडातून निघून गेलं.
बहिणीचं बाळ माझ्या कडेवर होतं,
चौथा मजला, गॅलरी,
आणि मनात आलं, सोडून दिलं तर?
एवढंच. एक क्षण.
भाचा आता सहा वर्षांचा आहे.
मी त्याला पुन्हा उचललेलं नाही.

खाली दुकानात कुणीतरी घंटी वाजवून बघत होतं.
बाईंचा चेहरा होता तसाच.
"हं," त्या म्हणाल्या. "आणि मग?"

मी विचारलं, मी तसला माणूस नाही ना?
"ह्याचं उत्तर मी देणार नाही.
दिलं तर उद्या पुन्हा विचाराल. चारदा."
उतरताना प्रत्येक पायरीवर त्यांना शिवी दिली.
पुढच्या गुरुवारी दहा मिनिटं आधीच जाऊन बसलो.

मग वही आली. दार एकदाच ओढायचं
आणि बसमध्ये बसून भीतीचा आकडा लिहायचा, शंभरापैकी.
बालाजीनगर, पंच्याण्णव.
पद्मावती, सत्त्याण्णव. (कंडक्टरनं विचारलं, बरं वाटत नाही का?)
भापकर पंप, नव्वद.
स्वारगेटला सत्तर, तेही का, कळलं नाही,
मी काहीच केलं नव्हतं.
संध्याकाळी कुलूप होतं तिथंच,
माझी वाट बघत नव्हतं.

दिवाळीच्या आठवड्यात स्वारगेटवरून रिक्षानं परत गेलो.
मान खाली घालून सांगितलं.
"बरं. रिक्षात आकडा किती होता?"
मी हसलो. त्या खोलीत पहिल्यांदा.

हे मात्र माझं मलाच, एका दुपारी,
कुणाच्या तरी वाटणीपत्राची रुजवात घेताना सुचलं :
इतकी वर्षं मी स्वतःला उजवीकडे ठेवून
ओळ ओळ तपासतोय, खाडाखोड मोजतोय,
आणि डावीकडे
मूळ कागद असा कधी नव्हताच.
कुणी दाखलच केलेला नव्हता.
शिक्का हातात धरून थोडा वेळ नुसता बसलो.
साहेबांनी विचारलं, काय झालं?
म्हटलं, काही नाही, शाई वाळलीय.

मागच्या रविवारी बहिणीकडे गेलो होतो.
भाचा गॅलरीतून ओरडला,
"मामा, ये ना, क्रेन बघ!"
गेलो.
तो विचार आलाच, जुना, ओळखीचा, पायात चपलासुद्धा त्याच.
त्याला हाकललं नाही. खुर्चीही दिली नाही.
आकडा पासष्ट असेल.
भाच्यानं कठड्यावर हनुवटी टेकवली,
मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.
हात घामेजला होता.
तो म्हणाला, "मामा, तुझा हात ओला आहे,"
आणि क्रेनकडे बघत राहिला.