ओ

सव्वातीन. ऱ्हाइनच्या अलीकडे, तळघरातली प्रयोगशाळा.
इनक्युबेटरमध्ये सदतीस अंश,
आणि बशीत गुलाबी पाण्याखाली
एकविसाव्या दिवसाच्या चेतापेशी,
उंदराच्या न जन्मलेल्या पिल्लांच्या.
हे वाक्य मी वहीत लिहीत नाही.
वहीत फक्त तारखेचा रकाना आहे.

आज बासेलमध्ये कोणी झोपत नाही.
चारच्या ठोक्याला रस्त्यांवरचे सगळे दिवे जातात,
मग ढोल, पिकोलो, काठ्यांवर रंगवलेले कंदील.
माझा मुखवटा कपाटात,
नाकाला गेल्या वर्षीचा पोचा तसाच.
भाऊ म्हणाला, पेशी काय पळून जाणार आहेत?
पळून नाही जाणार, म्हटलं,
पण एकविसावा दिवस बाविसाव्या दिवशी मिळत नाही.

आधीची रीत सोपी होती :
जाड तारेतून झटका दिला की अख्खी बशी दचकायची.
गर्दीत "अहो" म्हणून ओरडावं
आणि शंभर माना वळाव्यात, तसं.
त्यातून कळायचं एवढंच, की माना आहेत.

आता तळाशी सव्वीस हजार ठिपके,
मसुरीच्या दाण्याएवढ्या जागेत.
कुठल्या ठिपक्याशी कोण बसलंय
ह्याचा कानोसा घेण्यात नोदारचे दोन आठवडे गेले.
नोदार कुतैसीचा. तो आकडे देतो.
मी गुपचूप नावं ठेवते, बारसं न करता.
११४७ म्हणजे आमच्या शाळेतल्या फ्राउ गीझिन :
त्या आधी बोलणार, मग वर्ग बोलणार.
निदान आम्हाला तसं वाटतं.

हाक कुठे मारायची तेही शिकावं लागतं.
पेशीच्या पोटाशी नाही,
जिथून तिचा लांब धागा निघतो त्या मानेपाशी.
तिथे कान सगळ्यांत तिखट.
टॉर्चच्या सेलच्या दहाव्या हिश्श्याइतका दाब,
सेकंदाचा पाच हजारावा भाग,
आधी उणे, मग लगेच अधिक,
उधारी ठेवायची नाही.
ठेवली तर धातू खराब होतो
आणि ऐकणारी मरते.

बाबा वीज कंपनीत होते.
अठरा वर्षं चारचे दिवे घालवणं त्यांच्याकडे.
एक खटका, अख्खं शहर.
मिरवणूक सुरू होताना त्यांनी कधी पाहिली नाही,
त्या खोलीला खिडकीच नव्हती.
मग कळायचं कसं, मी विचारायचे.
फोन वाजायचा, ते म्हणायचे.
पलीकडून कुणीतरी म्हणायचं, "गेले."

तीन सत्तावन्न. एक ठिपका, एक बटण.
काही नाही.
पुन्हा. काही नाही.
नोदार दाब एक पायरी चढवतो,
जॉर्जियनमध्ये काहीतरी पुटपुटतो, शिवी असावी.
तिसऱ्यांदा ११४७ पेटली.
धाग्यावरून ठिणगी सरकत गेलेली पडद्यावर उमटली,
ठिपक्यामागून ठिपका,
आणि पार खालच्या कोपऱ्यात
जिला नाव नव्हतं, आकडाही पेन्सिलीनेच लिहिलेला,
तिने ओ दिली.
बाकीची बशी गप्प.
एकीने एकीला, एवढंच.
आम्ही दोघंही बोललो नाही.
खुर्ची करकरेल म्हणून मी उठलेसुद्धा नाही.

मग बाहेर अंधार झाला असणार,
कारण ढोल आले.
जमीन थरथरली, गुलाबी पाण्यावर कडी उमटली,
आणि पडदाभर एकदम गलका, सगळ्याजणी.
ढोलांमुळे की आपापल्या मनाने?
तशाही त्या दर अकरा सेकंदांनी उसळतातच.
हादरा, नोदार म्हणाला, बाद कर.
मी बाद केलं.

फोन घेऊन जिन्यात आले.
रीहेनच्या वृद्धाश्रमात पहाटेची नर्स वैतागली,
तरी तिने त्यांच्या कानाशी धरला.
वर्षभरात ते मला नावाने ओळखलेले नाहीत.
मी म्हटलं, "गेले."
पलीकडे श्वास.
मग, कामावरच्या माणसासारखं,
"किती वाजता?"
"चारला."
"बरोबर," म्हणाले, आणि नर्सने फोन ठेवला.

चार वाजून वीस. ढोल नदीपलीकडे.
पुन्हा ११४७. तोच ठिपका, तोच दाब.
या वेळी काही नाही.
तसं वहीत लिहिलं.