चौदा नंबरची काच

पुंजारामनं होडी सोडली तेव्हा
गोदा कुठली आणि कडवा कुठली
हे सांगण्याइतकाही उजेड नव्हता.
बांबू खाली जायचा,
चिखल त्याला धरून ठेवायचा, मग सोडायचा.
सम्यका थर्मासला मिठी मारून बसलेली.
माझ्या खिशात, रुमालात, काच,
अंबडच्या शॉपमधून मागून आणलेली.
फोरमन म्हणाला, सोमवारी परत पाहिजे,
आणि सूर्याला वेल्डिंग करायला चाललास का?

नांदूरचं धरण भरलं की बुडायचा राहतो
तेवढाच उंचवटा :
तीन बाभळी, पक्षी मोजणाऱ्यांची मोडकी चौकी,
खाली पाणकणीस, आणि त्यात
झोपेत बडबडणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या.
चापडगावचं कुत्रं इथवर ऐकू येत नाही.
आम्ही उतरलो. पुंजाराम नाही उतरला.
'सुटेपर्यंत पाण्यातच बरा,' म्हणाला.
चहाही नको म्हणाला.

पूर्वेला धुक्याची पट्टी.
आधी एक ठिणगी.
मग करंगळीच्या नखाएवढं अंतर सोडून दुसरी,
जसे दोघे कारागीर एकाच पत्र्याला
दोन टोकांनी आर्क लावतात.
बावीस वर्षं आगीकडे बघतोय,
वाटलं डोळेच गेले.
काच लावली.
हिरव्या अंधारात दोन शिंगं वर येत होती
आणि खालून सांधा भरत चालला होता, हळू,
एकही फुगा न धरता.

'होडी,' सम्यका म्हणाली. 'पप्पा, होडीय ती.'

मला सूप दिसत होतं.

गिराण लागलं की माझा बाप, कचरू,
कोठुऱ्याच्या आळीआळीतून ओरडत फिरायचा :
दे दान, सुटे गिराण.
मागे मी, सात वर्षांचा, पोतं धरायला.
दारं अर्धीच उघडायची.
जोंधळे वरून पडायचे,
सुपात थोडे, मातीत थोडे, माझ्या केसांत थोडे.
तीळ, खिळे, विटलेलं लुगडं.
सूर्य गिळणारा तुमच्यातलाच, म्हणायचे,
तेव्हा मागायचंही तुम्हीच.
बापाचा आवाज मोठा होता.
सूर्य सुटायचा.
मला खरंच वाटायचं, यानंच सोडवला.
घरी आल्यावर आई खडे निवडायची
आणि तो भिंतीकडे तोंड करून पडायचा.

एका गिराणाला तो गेलाच नाही.
पितळीत पाणी घेऊन उंबऱ्यावर बसला,
पाण्यातला सूर्य बघत, दोन तास, मान न हलवता.
आळीतून दोनदा बोलावणं आलं.
शेवटी पाणी ओतून दिलं आणि म्हणाला,
'सुटतं की रे आपलं आपण.'
एवढंच. हसला नाही, रागावलाही नाही.
दुसऱ्या दिवशी सूप लिंपून
आईकडे दिलं, घरचे दाणे पाखडायला.

उजेड आला होता, पण पिकला नव्हता.
बगळे उडाले आणि परत बसले.
चौकीच्या भिंतीवर बाभळीच्या पानांमधून
शेकडो सुपं उतरली होती,
सगळी उलटी, सगळी हलणारी.
सम्यका कोळशानं एकेकाभोवती रेघ मारत होती,
रेघ पुरी होईपर्यंत सूप सरकलेलं असायचं.
ती वैतागून पुन्हा पहिल्यापासून.
तिला मी सांगणार होतो.
कोळशाचे हात, नऊ वर्षांची,
ग्रहणाचा तक्ता तिला तोंडपाठ.
नाही सांगितलं.

ऊन गरम लागायला लागलं तसं
पुंजारामनं गुडघाभर पाण्यात उतरून
तीनदा डोकं बुडवलं.
मी काच दिली. त्यानं एक डोळा मिटून पाहिलं,
'सुटला,' म्हणाला, कोर अजून बाकी होती तरी.
मग बंडीतून दहाचं नाणं काढलं,
ओल्या तळहातावर उलटंपालटं केलं.
'हे कुणाला तरी द्यायला लागतं,
पण हल्ली मागायला कुणी येतच नाही बघा.
कुठं गेली असतील ती माणसं?'

मी चहा ओतला.
त्याचा कप काठोकाठ भरला, जरा सांडलासुद्धा.
काच रुमालात गुंडाळली.
सोमवारी परत करायची होती.