अक्षरामागं बारा रुपये

डॉक्टरची पाटी मी अक्षरावर घेतो.
बारा रुपये अक्षर, काना-मात्रा फुकट,
जोडाक्षराला भांडण.
एमबीबीएसवाले मला परवडत नाहीत.
नाव लिहिलं, सहा अक्षरं ठोकली,
झालं, उतरा शिडी.
खरा धंदा त्यांचा, ज्यांना पुष्कळ सांगायचं असतं:
मूळव्याध भगंदर दमा दाद खाज निपुत्रिक,
नागपूरचा अनुभव, सुवर्णपदक,
दर बुधवारी बाजाराच्या दिवशी भेटतील.

नागभीडच्या टी-पॉइंटपासून बस स्टँडपर्यंत
एकतीस पाट्या माझ्या हातच्या.
आधी मी नाटकाचे पडदे रंगवायचो,
महाल, अरण्य, तुरुंग.
मंडईच्या रात्री अख्खं गाव पुढ्यात बसायचं.
आता लाइफकेअर, संजीवनी, न्यू संजीवनी.
भावाभावांत फाटलं, म्हणून न्यू.

गायधन्यांच्या धानगिरणीत वीस खाटा पडल्या.
वरच्या तुळईतून अजून कोंडा गळतो,
सलाईन लावलेली बाई डोळे मिटून घेते.
भिंतीला तीन हात पांढरा मारला मी,
तरी ओल धरली की
'राईस मिल' खालून डोकं काढते.
डॉक्टर म्हणाला, अजून एक हात मारा.

योजनेची पाटीही त्यानंच सांगितली,
नियम हाये म्हणून.
'येथे मोफत उपचार'.
बारीक लिहा बोरकुटे, अन् तिकडे,
जनरेटरच्या मागं.
बारीक अक्षराचाही दर तोच, मी म्हटलं.
त्यानं मुकाट दिला.

भास्कर व्हॅनवाल्याला सगळ्यांचे दर तोंडपाठ.
सिझरला इतके, साप चावल्याला इतके,
म्हातारं असंल तर निम्मे,
म्हाताऱ्याला लेकरं लवकर घरी नेतात.
वाईट माणूस नाही तो.
रात्री दोनला फोन उचलते.
'२४ तास' तर मी एकतीस ठिकाणी लिहिलं आहे,
आकड्यात,
आकड्याला पैसे कमी पडतात.

मग दर्शनाचे गुडघे.
मग कंबर, मग हाताची बोटं,
रात्रभर भिंतीला पाठ लावून बसायची पोरगी,
रडायची नाही, पंखा मोजायची.
एका पाटीखालचा रिपोर्ट
दुसऱ्या पाटीखाली चालत नाही.
पुन्हा सुई, पुन्हा पावती.
ओळखीचा म्हणून दोघांनी चहा पाजला,
एकानं पन्नास कमी केले.
सहाव्या पाटीखाली कागद आला,
त्यावर इंग्रजी दोन अक्षरं, दोन्ही एकच:
एस, एस.
एक माझं, एक तिच्या आईचं.
आयुष्यभर लोकांची अक्षरं मोजली,
आपल्या रक्तात काय लिहिलं आहे
ते कधी वाचलं नव्हतं.

गोळ्या सरकारीत मिळतात,
वनमाला आशाताईनं सांगितलं.
कधी मिळतात, कधी 'शुक्रवारी या'.
साहेबांची खुर्ची रिकामी,
सिस्टर एकटीच, रजिस्टरं सतरा.
दारावरची पाटी माझ्या बापाच्या हातची, निळी.
'प्राथमिक आ ग्य केंद्र'.
मधला रो कोणत्या पावसात पडला कोणाला ठाऊक.
परवा शिडी अन् निळ्याचा डबा घेऊनच गेलो.
सिस्टर धावत आली,
भाऊ, हात नका लावू,
टेंडर निघालं आहे, फ्लेक्स येणार.

शिडी परत सायकलला बांधली.
दर्शना ओट्यावर बसली होती,
गोळ्यांची पुडी मुठीत, मान वर करून.
म्हणाली, रो नसला तरी
वाचता येते न, बाबा.

येते, म्हटलं.
वाचता येते.