घट

याकूब परकार जहाजावरून कायमचा परतला
तो दोन दुखरे गुडघे घेऊन,
आणि एक हिमनदी.
ती त्याने चिलीच्या खाडीत पाहिली होती, डेकवरून,
हातात रंगाचा ब्रश असताना.
बोसनने हाक मारली, तेवढ्यात संपली.
"पाय नाही रे लागला तिला,"
असं तो गेली नऊ वर्षं सांगतो,
जेटीवर, चहाला, लग्नात, मयतालासुद्धा.

मी हर्णैच्या बर्फ कारखान्यात रजिस्टर लिहितो.
लाद्या किती, होडी कुणाची, घट किती.
पौषातल्या एका रात्री त्याला म्हटलं,
ती काही आपल्याकडे यायची नाही,
आपणच नेऊ या डोंगरावर.
तो हसला नाही.
म्हणाला, किती किलोची?

अकरा.
भाताच्या तुसात पुरली, वर गोणपाट,
त्यावर त्याच्या पोरीची जुनी गोधडी,
काथ्याची दोरी, खलाशाची गाठ.
खेडच्या पहिल्या एसटीत कंडक्टर म्हणाला, लगेज कसलं?
याकूब म्हणाला, हिमनदी.
कंडक्टरने मासळीचं तिकीट फाडलं.
वासावरून त्याचं बरोबरच होतं.

बिरमणीच्या पुढे वाट आधी शेतातून जाते,
वाल फुलावर, बांधावर कुणाची तरी विसरलेली कोयती,
मग कारवी,
मग नुसता चढ.
आळीपाळीने वाहिली.
पाठीवर घेतली की कण्यातून एक गार रेघ खाली उतरे
आणि छातीवर ऊन.
घाम कुठला आणि ती कुठली,
शर्टाला कळत नव्हतं.

बारा वाजता अर्धं झालं.
एक वाजता अर्ध्याच्या जरासं वर.
याकूब बसला. गुडघ्याला शिवी दिली, खास बंदरावरची,
गोधडी उलगडली
आणि गुडघा तिला टेकवून बसून राहिला.
मला वाटलं, इथूनच मागे.
तो म्हणाला, "ऊठ. नाहीतर ती आपल्याआधी खाली पोचेल."

धनगरवाड्यात ठकूबाईने ताक दिलं.
विचारलं, तुमच्या गोणीत रडतंय काय?
दाखवलं.
तिने बोट लावलं, मागे घेतलं, पुन्हा लावलं,
मग आम्हाला न विचारता एक ढलपी फोडून
म्हशीच्या सुजलेल्या सडाला लावली.
त्या दिवशी त्या बर्फाचं
एवढं शहाणं काम दुसऱ्या कुणी केलं नाही.

माथ्यावर तीन वाजले.
गोणीत ओलं तूस. याकूब चाचपत राहिला,
विहिरीत पडलेलं भांडं शोधावं तसा.
सापडली.
लिंबाहून मोठी, नारळाहून लहान.
कातळावर ठेवली.
पश्चिमेला सगळं निळसर, समुद्र असायला हवा तिथे
धुरकट काहीतरी.
"आवाज करते ती," तो म्हणाला,
"होडीची फळी मोडावी तसा.
मग कितीतरी वेळाने पाणी हलतं."
आम्ही वाकलो, दोन पिकली डोकी
एकमेकांना लागतील इतकी.
बारीक टच. टच.
आत कोंडलेली हवा सुटत होती.
तेवीस वर्षांत कंप्रेसरच्या धडधडीखाली
हे मला कधी ऐकू आलं नव्हतं.

मग त्याने बूट काढला, मोजा काढून बुटात कोंबला,
आणि भेगाळलेलं एक पाऊल
तिच्यावर ठेवलं.
भार न देता,
झोपलेल्या माणसाला ओलांडताना ठेवावं तसं.
ती होती तोवर.

उतरताना अंधार झाला. गाडी गेलेली.
शाळेच्या ओट्यावर एका गोधडीत दोघं,
गोधडी ओली.
तो लगेच घोरायला लागला.

सोमवारी रजिस्टरात लिहिलं, तुकडा एक, अकरा किलो.
घटीच्या रकान्यात लिहिलं: घाट.
हिशेबनीस पाटणे म्हणाला, काना जास्तीचा पडलाय,
आणि लाल शाईने खोडला.