शांतता वगळा

इथल्या भाषेत फोनला 'सीमी' म्हणतात.
फार जुना शब्द, मूळ अर्थ दोरा.
फोन आला तेव्हा कुणीतरी जुन्या पोथ्यांतून
तो उपसला, झटकला, कामाला लावला.
आता मी दोरा काढून घ्यायला आलेय,
नाव तेच राहणार आहे.

फ्योर्डच्या तोंडाशी बेचाळीस खाटांचं इस्पितळ.
माझ्या तक्त्यात टप्पे :
आधी हिशेब, भांडार, स्वयंपाकघर,
जिथे फोन मुका झाला तर फार तर सूप गार होईल.
मग प्रयोगशाळा. मग वॉर्ड,
एकेक मजला, एकेक मंगळवार.
प्रसूती आणि ऑपरेशन सगळ्यांत शेवटी,
जुनं-नवं महिनाभर शेजारीशेजारी वाजवून बघितल्यावर.

डॉक्टर एयविंदुर विचारतात, वीज गेली तर?
तांब्याची तार आपली वीज बरोबर आणायची,
एक्स्चेंजमधून, शिदोरीसारखी.
नवा फोन दारात आल्याआल्या जेवायला मागतो.
मी बॅटऱ्या वाढवते, जनरेटरचे सेकंद मोजते,
लिफ्टमधला फोन तांब्यावरच ठेवते.
एवढी भीती कशाला, बैठकीत कुणी म्हणतं.
भीतीचाच पगार मिळतो मला, मी म्हणते.

यादीत एकशे अठ्ठ्याऐंशी नंबर.
भिंतीत एकशे एकोणनव्वद.

जास्तीचा तो, सत्तेचाळीस, शोधायला
शीळ घालणारं यंत्र तारेला लावून
दोन दिवस तळघरातल्या भिंतींना कान लावत हिंडले.
चादरींच्या खोलीत, इस्त्रीच्या फळीमागे सापडला :
हिरवा, चकतीचा,
आणि त्याच्यावर धूळ नव्हती.

हाल्बेरा एकतीस वर्षं स्विचबोर्डवर आहे,
विणता विणता फोन जोडते.
तो होय, म्हणाली. तो रात्री तीननंतर लागतो.
रोज नाही. हिवाळ्यात जास्त.
कुणी बोलत नाही.
मी म्हणते, आहे मी.
मग एक ओळ विणून होईपर्यंत दोघंही थांबतो.

कोण असतं?

तिनं सुई बदलली.
विचारलं असतं तर परत लागला असता का?

नव्या यंत्रणेत एक सोय आहे.
कुणी बोलत नसेल तेव्हा ती काहीच पाठवत नाही;
रिकामं कशाला वाहून न्यायचं, असा सरळ हिशेब.
पलीकडच्याला फोन मेलासं वाटू नये म्हणून
तिथल्या तिथे खोटी खरखर तयार करून कानात घालते.
तिला म्हणतात दिलाशाचा आवाज.
मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवलंय,
कधी काही वाटलं नाही.

शिकाऊ सोलरूनला खाली चादरींत उभं केलं,
म्हटलं, काही बोलू नकोस,
आणि वर हेडफोन लावून दोन्ही ऐकले.
तांब्यावर ड्रायरची घरघर होती,
तिनं पाय बदलला तो होता,
श्वास होता.
दुसऱ्यावर दिलासा होता.

सुतावरून स्वर्ग गाठू नका, संचालक थॉरलाकुर म्हणाले.
एका बिननावाच्या फोनसाठी वेगळी मांडणी?
महिन्याचा खर्च किती ते सांगितलं.
एका कॉफीपेक्षा कमी होता.
ते गप्प बसले, मी ते होकारात धरलं.

'शांतता वगळा' या चौकटीतली खूण
एकशे अठ्ठ्याऐंशी ठिकाणी तशीच आहे.
एके ठिकाणी काढली.
हिरव्या फोनला अॅडॉप्टर जोडला, फळी परत लावली.
'वापरणारा' हा रकाना रिकामा ठेवून
तक्ता पुढे सरकेना,
तिथे लिहिलं : हाल्बेराच्या ओळखीचं.

शेवटचा टप्पा मे महिन्यात संपला.
सत्तेचाळीस अजून लागलेला नाही.
जूनमध्ये इथे रात्रच होत नाही म्हणा.
हाल्बेरा मोज्याची टाच वळवतेय.
आता दोरा नाही, ती म्हणते,
ओढ कशी कळायची?

मी बॅटरीवरची तारीख पुन्हा बघते.
नोव्हेंबरपर्यंत चालेल.